इन्सुलिनचा ग्राही आणि मधुमेहाचे मूळ : एका वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत आकुर्डी, चिंचवड, भोसरी व अखेर चाकण असा सारा मुलूख मोटारी, दुचाकी वाहने आणि त्यांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांनी व्यापला. या कारखान्यांत कामाला लागलेल्यांत मावळ-खेडच्या खेड्यांतून आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथील कोरडवाहू मुलखातून आलेल्या माणसांचा मोठा भरणा आहे. ज्यांचे बालपण बेताच्या अन्नावर आणि उमेदीची पहिली वर्षे शेतातल्या अंगमेहनतीत गेली, अशी माणसे पगारी नोकरीत, कँटीनच्या जेवणात आणि ठरावीक मुदतीने बदलणाऱ्या पाळ्यांत स्थिरावली, की काही वर्षांनी त्यांच्यापैकी अनेकांना वैद्यकीय तपासणीत ‘शुगर निघाली’ असे सांगितले जाते. आणि विशेष हे की त्यांतील पुष्कळजण रूढ अर्थाने लठ्ठ नसतात.

हा अनुभव या पट्ट्यापुरता मर्यादित नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख लोक असल्याचा अंदाज दिला. या विकाराचे वर्णन करताना ‘शरीर इन्सुलिनला दाद देत नाही’ असे म्हणण्याचा शिरस्ता आहे. परंतु दाद न देणे ही घटना नेमकी कोठे घडते, पेशीवरील ग्राहीत, ग्राहीच्या पलीकडे, मातेच्या उदरात की आयुष्यक्रमात, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही; आणि या मतभेदातील दोन महत्त्वाचे पक्ष पुण्यातच मांडले गेले आहेत. त्या सर्व पक्षांची कैफियत क्रमाने मांडावी, आणि काय सिद्ध झाले व काय अनिर्णित राहिले याचा हिशेब द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ग्राहीच्या कल्पनेचा उदय

रक्तात मिसळलेले संप्रेरक शरीराच्या प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचते, पण त्याला प्रतिसाद मात्र ठरावीक पेशीच देतात, हे कोडे विसाव्या शतकाच्या आरंभीच शास्त्रज्ञांपुढे उभे राहिले. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी निकोटिन व क्युरारे यांचे स्नायूंवरील परिणाम तपासून, पेशीत या द्रव्यांना ग्रहण करणारा एखादा विशिष्ट पदार्थ, म्हणजेच ग्राही, असला पाहिजे, असा निष्कर्ष १९०५ साली मांडला. जर्मनीत पॉल एर्लिख यांचे विचारही त्याच सुमारास त्याच दिशेने चालले होते. तथापि अर्धशतकभर ग्राही हे अनुमानच राहिले, कारण तो कोणी पाहिला नव्हता की वेगळा काढला नव्हता.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रोजेन प्राण्यांना देऊन दाखविले, की गर्भाशयासारखे ठरावीक अवयवच ते संप्रेरक धरून ठेवतात, इतर अवयव सोडून देतात. या शोधातून ग्राहींचे पहिले मोठे कुल ध्यानात आले. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल यांसारखी स्नेहद्राव्य संप्रेरके पेशीपटल ओलांडून आत शिरतात, आतील ग्राहीशी संयोग पावतात, आणि तो संयुक्त रेणू केंद्रकातील जनुकांवर बसून कोणते प्रथिन किती बनावे हे ठरवितो. स्तनाच्या कर्करोगात ऊतीचा तुकडा इस्ट्रोजेन-ग्राहीसाठी तपासून टॅमॉक्सिफेन हे औषध द्यावे की नाही हे आज ठरविले जाते, ते याच ज्ञानाचे फळ होय.

दुसरे कुल पेशीपटलावर राहणाऱ्या ग्राहींचे. ॲड्रिनॅलिनसारखे संप्रेरक पेशीत न शिरताच आत बदल कसा घडविते, याचा उलगडा अर्ल सदरलँड यांनी ‘चक्रीय एएमपी’ या दुय्यम संदेशवाहकाच्या शोधाने केला, आणि त्याबद्दल त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राही आणि तो संदेशवाहक यांच्यामधील जी-प्रथिनांच्या शोधासाठी गिलमन व रॉडबेल यांना १९९४ साली, आणि या जातीच्या ग्राहींच्या अभ्यासासाठी लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना २०१२ साली तोच सन्मान लाभला.

इन्सुलिनचा ग्राही पटलावरच असतो, परंतु तो जी-प्रथिनांच्या मार्गाने चालत नाही. तो स्वतःच एक विकर आहे, आणि ही गोष्ट प्रस्तुत वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इन्सुलिनच्या ग्राहीचे कार्य

बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिन मिळविले, आणि पुढील वर्षी ते रुग्णास प्रथम टोचले गेले. मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, ही समजूत त्यामुळे दृढ झाली. परंतु १९३६ साली लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले, की काही मधुमेही इन्सुलिनला उत्तम प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत, म्हणजे दुसऱ्या गटात उणीव संप्रेरकाची नसून संवेदनशीलतेची असावी. रक्तातील इन्सुलिन अचूक मोजण्याची रीत बर्सन व रोझलिन यॅलो यांनी सिद्ध केल्यावर १९६० च्या सुमारास या तर्काची रुजवात झाली : प्रौढ वयात मधुमेह जडलेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हते, उलट पुष्कळ होते.

१९७१ साली इन्सुलिन पेशीपटलावरील विशिष्ट जागी चिकटते हे मोजून दाखविले गेले. १९८२ साली हा ग्राही स्वतःवरच फॉस्फेटचे गट चढवितो हे उघडकीस आले. आणि १९८५ साली दोन संशोधक-गटांनी त्याच्या जनुकाची रचना वाचली. आज त्याची घडण तपशिलाने ज्ञात आहे. दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्यांचा तो बनलेला असतो. अल्फा साखळ्या पेशीच्या बाहेर राहून इन्सुलिनला धरतात, तर बीटा साखळ्या पटल भेदून आत उतरलेल्या असतात. इन्सुलिन चिकटले की बीटा साखळ्यांवरील अटकाव सुटतो, त्या परस्परांच्या टायरोसिन या घटकावर फॉस्फेट चढवितात, आणि तेथे आयआरएस नावाची प्रथिने येऊन तोच संस्कार स्वीकारतात. पुढे पीआय-३ कायनेज आणि एकेटी या विकरांची परंपरा चालते, आणि अखेर स्नायू व मेद यांच्या पेशींत आत दडून असलेले ग्लूट-४ हे वाहक पटलावर येऊन रक्तातील ग्लुकोज आत ओढून घेतात. यकृतात हीच परंपरा ग्लुकोजचे उत्पादन आवरते.

एखाद्या जिल्ह्यास हुकूम पोहोचणे आणि त्या हुकुमाचा अंमल होणे या जशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच येथेही आहे. मेदपेशीवर ग्राही इतके असतात, की त्यांच्यापैकी दहांतील एकाहूनही कमी ग्राहींवर इन्सुलिन चिकटले तरी पूर्ण परिणाम घडू शकतो. इन्सुलिनची पातळी दीर्घकाळ चढी राहिली की पेशी आपले ग्राही आत ओढून त्यांची संख्या घटविते, हेही १९७४ पासून ठाऊक आहे. परंतु ग्राहींचा असा विपुल साठा असताना केवळ त्यांची संख्या घटल्याने इन्सुलिनचा अंमल पुरता थांबेल, असे मानणे कठीण आहे. ग्राहीच्या जनुकातच दोष असलेले रुग्ण आढळतात, तसेच ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झालेले रुग्णही १९७५ पासून वर्णिले गेले आहेत. पण हे दोन्ही प्रकार अतिशय विरळ आहेत. कोट्यवधी लोकांना जडलेल्या सामान्य मधुमेहात ग्राही मुळातून बिघडलेला नसतो, एवढे निश्चित म्हणता येते.

पहिला पक्ष : बिघाड ग्राहीच्या पलीकडे

वैद्यकात आज सर्वाधिक मान्यता असलेला पक्ष असा, की ग्राहीपर्यंत संदेश येतो, परंतु त्यापुढील साखळीत तो खंडित होतो. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली इन्सुलिन-प्रतिरोध, वाढता रक्तदाब आणि बिघडलेले रक्तस्नेह यांची एकत्र मालिका मांडून या विचारास व्यापक स्वरूप दिले. येल विद्यापीठाचे जेराल्ड शुलमन यांच्या मते मूळ कारण हे, की मेद जेव्हा मेदपेशींत न मावता यकृत आणि स्नायू यांत साचू लागतो, तेव्हा डायअसिलग्लिसरॉल हा स्निग्ध रेणू पीकेसी वर्गातील विकरांना जागे करतो आणि ते ग्राहीच्या पुढील संदेशवहनात, यकृतात तर प्रत्यक्ष ग्राहीच्या कार्यातच, अडथळा आणतात. १९९३ साली हार्वर्डमधील संशोधकांनी मेदऊतीतून स्रवणाऱ्या टीएनएफ-अल्फा या दाहकारक प्रथिनाकडे बोट दाखविले, आणि तेव्हापासून दाह हेही एक कारण मानले जाऊ लागले.

याच पक्षाच्या आत एक उपपक्ष कारण आणि परिणाम यांचा क्रम उलटा लावतो. बोस्टनच्या बार्बरा कॉर्की यांनी असे मांडले, की इन्सुलिनचा अतिरिक्त स्राव आधी घडतो आणि प्रतिरोध हा त्यास पेशीने दिलेला प्रतिसाद असतो. दोन्ही घटना माणसांत एकत्रच आढळत असल्यामुळे, त्यांतील आधीची कोणती, याचा निकाल केवळ रक्ततपासणीने लागू शकत नाही.

दुसरा पक्ष : मातेच्या उदरातील बीज

रूढ अर्थाने लठ्ठ नसलेल्या भारतीय माणसास मधुमेह का जडतो, या प्रश्नाचे उत्तर पहिला पक्ष पुरेसे देत नाही. या प्रश्नावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपली हयात वेचली आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे व मोजमापे प्रसिद्ध केली : दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ असा सारखाच, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडसडीत दिसणारे भारतीय शरीर आतून मेदयुक्त असू शकते, हे या एका उदाहरणाने जगभर पोहोचले.

त्याआधीच, १९९३ साली, पुण्याजवळील सहा गावांत याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला होता. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. परंतु स्नायू व अंतर्गत अवयव यांत जेवढी तूट होती तेवढी कातडीखालच्या मेदात नव्हती. लंडनच्या बालकांशी केलेल्या तुलनेत पुण्याच्या बालकांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनची पातळी चढी आढळली. पुढे २००८ साली असे दिसून आले, की ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वांत जास्त होता.

या विचारास पूर्वपीठिका आहे. जेम्स नील यांनी १९६२ साली ‘काटकसरी जनुका’ची, आणि हेल्स व बार्कर यांनी १९९२ साली गर्भावस्थेतील कुपोषणाने घडणाऱ्या ‘काटकसरी देहघडणी’ची कल्पना मांडली होती. पूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात काम केलेले आनंदवर्धन हर्डीकर यांनी याज्ञिकांसह २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढील दोन पिढ्या पुरेसे अन्न दिले, तरी इन्सुलिनची चढी पातळी आणि जनुकांवरील खुणा पुसल्या गेल्या नाहीत.

या पक्षावरील मुख्य आक्षेप असा, की मानवी पुरावा बहुतांशी निरीक्षणात्मक आहे. मातेचे पोषण आणि मुलाचा प्रतिरोध यांच्या मागे गरिबीसारखे तिसरेच कारण असू शकते. त्याचे उत्तर म्हणून याज्ञिकांच्या गटाने २०१२ पासून त्याच गावांतील किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन पुढील पिढीतील परिणाम पाहण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. तरीही गर्भावस्थेतील उणीव प्रौढपणी ग्राहीनंतरच्या कोणत्या दुव्यात प्रकट होते, याचा रेणूपातळीवरील तपशील अद्याप अपुरा आहे.

तिसरा पक्ष : वर्तन आणि उत्क्रांती

तिसरा पक्ष मूळ गृहीतकालाच हात घालतो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अध्यापन केलेले जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी २००७ साली याज्ञिकांच्याच सहकार्याने असे सुचविले, की इन्सुलिन-प्रतिरोध हा बिघाड नसून उत्क्रांतीत घडलेला एक वर्तनबदलाचा संकेत असावा : अंगबळावर जगणाऱ्या प्राण्याने बुद्धीवर आणि सामाजिक कौशल्यावर जगायचे ठरविले, की शरीर ग्लुकोज स्नायूंकडून मेंदूकडे वळविते, कारण मेंदूला ग्लुकोज घेण्यासाठी इन्सुलिनची तितकी गरज नसते. हा विचार त्यांनी २०१२ साली ‘डव्ह्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबिटीज’ या ग्रंथात विस्ताराने मांडला.

पुढे मनावा दिवेकर-जोशी व वाटवे यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात अधिक टोकदार प्रश्न उपस्थित केला. स्नायूंतील इन्सुलिन-ग्राहीचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत उपाशीपोटीची साखर वाढत नाही, हे १९९८ साली दिसले होते. यकृतातून तो ग्राही काढला असता जेवणानंतरची साखर वाढते, परंतु उपाशीपोटीची साखर वय वाढता पूर्ववत होते. म्हणजे इन्सुलिन जेवणानंतरच्या साखरेचा वेग ठरवीत असले, तरी उपाशी अवस्थेतील स्थिर पातळी दुसरी एखादी यंत्रणा, बहुधा मेंदू, ठरवीत असावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. केवळ साखर उतरविण्यावर भर दिल्याने आयुष्य वाढतेच असे नाही, यासाठी २००८ साली मृत्यूंच्या वाढत्या प्रमाणामुळे जिची कडक उपचारांची शाखा थांबवावी लागली त्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीचा दाखला दिला जातो.

मुख्य प्रवाहातील वैद्यांचे उत्तरही वजनदार आहे. जनुक जन्मापूर्वीच काढले असता शरीर पर्यायी बंदोबस्त करून घेते, त्यामुळे अशा उंदरांवरून प्रौढ माणसाच्या आजाराविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. ब्रिटनमधील यूकेपीडीएस चाचणीने १९९८ साली साखर आटोक्यात ठेवल्याने डोळे व मूत्रपिंड यांना होणारी इजा कमी होते हे दाखविले आहे. आणि ज्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवतच नाही, त्यांच्यासाठी इन्सुलिन हाच जीवनाधार आहे, याविषयी कोणत्याही पक्षाचा वाद नाही.

पाळी, झोप आणि इतर ग्राही

औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने एक चौथा मुद्दा या तिन्ही पक्षांना छेदून जातो. इन्सुलिनचा ग्राही एकाकी काम करीत नाही. पहाटे वाढणारे कॉर्टिसॉल आपल्या ग्राहीमार्फत यकृतातील ग्लुकोज-निर्मितीची जनुके चालू करते, म्हणजे इन्सुलिनच्या उलट दिशेने ओढते. अंधारात स्रवणाऱ्या मेलाटोनिनचा एक ग्राही स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींवर आहे, आणि त्याच्या जनुकातील एका भेदाचा उपाशीपोटीच्या साखरेशी संबंध असल्याचे २००९ साली दिसून आले. मात्र त्या ग्राहीचे कार्य वाढल्याने धोका वाढतो की घटल्याने, यावर परस्परविरोधी पुरावे आहेत.

शिकागो येथे १९९९ साली अकरा तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले असता त्यांची ग्लुकोज पेलण्याची शक्ती घटली. बोस्टन येथे २००९ साली दहा स्वयंसेवकांचे जागण्याचे व जेवणाचे वेळापत्रक शरीराच्या घड्याळाच्या उलटे केले, तेव्हा इन्सुलिन वाढूनही साखर वाढली. अमेरिकेतील दीड लाखांहून अधिक परिचारिकांच्या २०११ सालच्या अभ्यासात फिरत्या रात्रपाळीची वर्षे जसजशी अधिक, तसतसा मधुमेहाचा धोका अधिक आढळला. वजनवाढीचा हिशेब वजा केल्यावर तो धोका उणावला, पण नाहीसा झाला नाही. ही माणसे मात्र पाश्चात्त्य देहघडणीची होती. कमी वजनाने जन्मलेल्या, बारीक दिसणाऱ्या पण मेदयुक्त शरीरावर रात्रपाळीचा परिणाम तेवढाच होतो की अधिक, हा प्रश्न या अभ्यासांच्या कक्षेबाहेर राहतो.

निश्चित आणि अनिर्णित

निश्चित झालेल्या गोष्टी मोजक्या पण भक्कम आहेत. ग्राहीची घडण आणि त्यापुढील संदेशाची साखळी ज्ञात आहे. सामान्य मधुमेहात ग्राहीचे जनुक शाबूत असते. भारतीय शरीरात मेदाची वाटणी जन्मापासूनच वेगळी आढळते. आणि झोप व जेवण यांच्या वेळा उलटल्या तर निरोगी माणसाचीही साखर बिघडते.

अनिर्णित प्रश्न तीन आहेत. प्रतिरोध आधी की इन्सुलिनचा अतिरेक आधी? उपाशीपोटीच्या साखरेचे नियमन मुख्यतः इन्सुलिन करते की मेंदू? आणि गर्भावस्थेने घातलेला पाया व प्रौढपणीचा आयुष्यक्रम यांच्यात जबाबदारीची वाटणी कशी करावी? जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाच्या ग्राहीवर चालणाऱ्या अलीकडच्या औषधांनी या प्रश्नांत भरच घातली आहे, कारण ती थेट इन्सुलिन-ग्राहीवर न बसताही, इन्सुलिनचा स्राव, भूक आणि मेंदू यांच्या द्वारे साखर आणि वजन दोन्ही उतरवितात.

प्रस्तुत लेखकाच्या मते हे पक्ष जितके परस्परविरोधी मानले जातात तितके ते नाहीत. पहिला पक्ष बिघाडाचे स्थान सांगतो, दुसरा त्याचा आरंभकाळ सांगतो, आणि तिसरा त्याचे प्रयोजन विचारतो. या तिघांची एकत्र परीक्षा घेण्यास योग्य भूमी मात्र प्रयोगशाळेत सापडणार नाही. ती पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील केईएमच्या ग्रामीण केंद्राने २००२ पासून आसपासच्या २२ गावांतील लोकसंख्येची सतत नोंद ठेवली आहे. १९४८ च्या कारखाना व कर्मचारी राज्य विमा या कायद्यांच्या अनुषंगाने कामगारांच्या आरोग्याची दफ्तरे वर्षानुवर्षे साठत आली आहेत. आणि कोणत्या कामगाराने किती वर्षे रात्रपाळी केली, हे कारखान्यांच्या हजेरीपटांतच लिहिलेले असते. कामगारांची संमती घेऊन आणि त्यांची नावे गुप्त राखून या तीन प्रकारच्या नोंदी एकमेकींशी जोडण्याची तजवीज कारखानदार, कामगार संघटना, महानगरपालिका आणि पुण्यातील संशोधन-संस्था यांनी मिळून करावी, अशी विनंती आहे.